टारफेल्टिंगच्या नावाखाली तीन लाख गेले : वाडीतल्या गोदामाचा अनुभव

आमचं वह्या आणि स्टेशनरीचं ठोक काम आहे. नागपूरजवळ अमरावती रोडला वाडीत तळमजला अधिक एक अशी आमची स्वतःची इमारत आहे. वर सगळा गोदामाचा हॉल आणि त्यावर सपाट स्लॅब, मोजून चार हजार चौरस फूट. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपुरात जो पाऊस कोसळला, अंबाझरी ओव्हरफ्लो होऊन नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, त्या रात्री आमच्या स्लॅबला पहिल्यांदा पाझर लागला. नुकसान थोडं झालं होतं, पण पुढच्या पावसाळ्याच्या आत छताचा पक्का बंदोबस्त करायचा हे तेव्हाच ठरलं. ठरलं, आणि मग दिवाळी, लग्नसराई, मार्चअखेर करत करत मे उजाडला. माझी पहिली चूक ती. मे महिन्यात नागपुरातल्या प्रत्येक गोदामवाल्याला छत आठवतं आणि चांगली माणसं तोवर बुक झालेली असतात.

ठेकेदार ओळखीतून आला. आमच्या लाइनीतल्या एकाने त्याच्याकडून शेड दुरुस्त करून घेतली होती. शेडचे पत्रे बदलणं आणि पाणी झिरपू नये म्हणून स्लॅबवर डांबरी फेल्ट (डांबरात भिजवलेली चादर) बसवणं, म्हणजेच टारफेल्टिंग, ही दोन वेगळी कामं आहेत, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माणूस बोलायला गोड. गच्चीवर चढला, पॅराफिटला, म्हणजे कठड्याला, हात लावून पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, केमिकल-बिमिकल तुमच्या इथं टिकणार नाही जी. सिक्स कोर्स टारफेल्टिंग करून देतो, दहा वर्षं वर पाहायची गरज नाही." कोटेशनमध्येही तेच लिहिलं : सहा थर, ब्लोन बिटुमेन (छतासाठीचं डांबर), आयएसआय मार्कचा फेल्ट, दर पंचाहत्तर रुपये चौरस फूट, दहा वर्षांची लेखी गॅरंटी.

हे सहा थर म्हणजे काय, ते मला फसल्यानंतर कळलं. आधी कळलं असतं तर ही वेळच आली नसती, म्हणून इथे नीट लिहितो. स्लॅब साफ आणि कोरडा करून त्यावर पहिला थर गरम डांबराचा, दुसरा फेल्टचा, तिसरा डांबराचा, चौथा पुन्हा फेल्टचा, पाचवा डांबराचा आणि शेवटी बारीक गिट्टी. म्हणजे डांबर तीनदा, फेल्ट दोनदा. सरकारी बांधकामाच्या दरसूचीत प्रत्येक थराचं माप दिलेलं असतं : डांबर चौरस मीटरला पहिल्यांदा १.४५ किलो, मग १.२० आणि शेवटी १.७० किलो, वर गिट्टी आठ लिटर. आता माझा स्लॅब साधारण ३७२ चौरस मीटर. तिन्ही थरांची बेरीज ४.३५ किलो, म्हणजे नुसतं डांबरच सोळाशे किलोच्या वर लागायला हवं. दीडशे किलोचं पीप धरलं तरी जवळपास अकरा पिंपं. फेल्टचा रोल एक मीटर रुंद, वीस मीटर लांब. बाजूने किमान ७५ मिलिमीटर आणि टोकाला किमान १०० मिलिमीटर एकावर एक चढवावा लागतो, म्हणजे वीस चौरस मीटरच्या रोलात छत झाकतं अठरा-साडेअठराच. दोन थरांना चाळीसच्या वर रोल हवेत, शिवाय पॅराफिटवर चढवायचा फेल्ट वेगळा. पाचवी-सहावीच्या मुलाला येईल असं हे गणित. मी रोज हजारो वह्यांचे गठ्ठे मोजून घेतो, पण माझ्याच छताचं सामान मोजलं नाही.

मेच्या शेवटच्या दहा दिवसांत काम झालं. खाली शाळांच्या मालाची गर्दी होती, विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात तेव्हा आमचा खरा सीझन तोच. मी दिवसातून एकदा वर जायचो, तेही संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. आता आठवतं, की कामाचा मोठा भाग मी यायच्या आत उरकून त्याने गिट्टी पसरलेली असायची. गिट्टी पडली की खाली काय आहे ते कोणालाच दिसत नाही. गिट्टी मात्र त्याने भरपूर टाकली होती, एक ब्रासच्या (शंभर घनफुटांच्या) वर. सगळ्यात स्वस्त तीच.

पैसे असे गेले : दीड लाख आधी, सामान उतरल्यावर नव्वद हजार, शेवटी साठ हजार. "बिल घेतलं तर अठरा टक्के जीएसटी वरून लागेल भाऊ, कशाला?" या एका वाक्यावर मी दोन लाख साठ हजार रोख दिले. चाळीस हजार तेवढे यूपीआयने गेले, कारण त्या दिवशी हातात रोकड नव्हती. आज माझ्याकडे पुरावा आहे तो त्या चाळीस हजारांचा आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या बोलण्याचा.

पाणी भरून चाचणी घेऊ, असं मी म्हटलं होतं. त्यावर तो म्हणाला, "एवढ्या उन्हाळ्यात टँकर कुठून आणता? पाऊस येतोच आहे, तोच चाचणी घेईल." मला ते पटलं. आज या वाक्याचा सर्वात जास्त राग येतो. आउटलेट बंद करायचे, वाळूच्या गोण्यांचे बांध घालून गच्चीचे भाग पाडायचे आणि एकेका भागात दोन दिवस पाणी उभं ठेवायचं, एवढंच ते काम. त्यासाठी दोन-तीन टँकर लागले असते. शेवटचा हप्ता त्या चाचणीनंतर द्यायचा, हे मला कोणीतरी सांगायला हवं होतं.

पावसाच्याही आधी छताने सांगायला सुरुवात केली होती. काम संपल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारी आमचा पोरगा टाकीचं झाकण लावायला वर गेला आणि चपलेला डांबराचे गोळे लावून खाली आला. मी जाऊन पाहिलं तर पॅराफिटवर चढवलेला फेल्ट वितभर खाली घसरलेला, डांबर ओघळून पाण्याच्या पाइपच्या तोंडाशी साचलेलं. मधे दोन-तीन ठिकाणी पुरीसारखे फुगे. फोन केला तर म्हणाला, "नवीन माल आहे भाऊ, सेट होतोय." मी गप्प बसलो.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सलग दोन रात्री पाऊस लागला. सकाळी शटर उघडलं तर हॉलच्या मधल्या ओळीतले गठ्ठे खालून वरपर्यंत भिजलेले. वही भिजली की संपली. वाळवली तरी पानं लाटांसारखी होतात, कोणी घेत नाही. दीड लाखाच्या वरचा माल रद्दीत घातला. दोन शाळांची ऑर्डर वेळेत पोहोचली नाही, त्यातली एक शाळा वडिलांच्या काळापासून आमच्याकडून घेत होती. तो विषय आईसमोर मी अजून काढत नाही.

ठेकेदार एकदा येऊन गेला. गॅरंटीचा कागद मीच त्याच्यासमोर धरला, तेव्हा त्याने खालची बारीक ओळ दाखवली : "ट्रीटमेंटनंतर छतावर वावर झाल्यास गॅरंटी लागू नाही." टाकीचं झाकण लावायला पोरगा चढला, तो त्याच्या मते वावर. त्यानंतर फोन लागेना.

आमच्या कॉलनीत बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब राहतात. त्यांना विनंती केली. ते आले, गिट्टी बाजूला सारली, आणि कटरने एक फूट बाय एक फूट तुकडा स्लॅबपर्यंत कापून काढला. कडेने पाहिलं की पापुद्रे मोजता येतात. फेल्ट एकच. त्याच्या खाली डांबर नावापुरतं, आणि त्याखाली वीस वर्षांपूर्वीचा जुना थर तसाच, धुळीसकट. साहेबांनी बोट लावलं तर ओल होती. जुना, ओल धरलेला थर न काढता वर नवा फेल्ट चिकटवला, की ऊन पडल्यावर आतल्या ओलीची वाफ होते, तिला जायला वाट नसते, आणि तेच ते फुगे. फुगा फुटला की पाणी सरळ खाली.

मग ते म्हणाले, "डांबर कोणतं वापरलं?" मला उत्तर देता येईना. चौकीदार काकांनी दिलं. "पिपे तं पाचच उतरले होते भाऊ. अन् रोडवाल्यांच्या गाडीतून उतरले, मी पाहिलं नं." माझ्या पोराने पहिल्या दिवशी हौसेने काढलेला एक फोटो होता, त्यात पिंपावर व्हीजी-३० असं छापलेलं स्पष्ट दिसतं. ते रस्त्याचं डांबर. ते सत्तेचाळीस अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागलं तरी मानकात बसतं. छतासाठीचं ८५/२५ ग्रेडचं ब्लोन बिटुमेन मऊ होतं ऐंशी ते नव्वद अंशांच्या दरम्यान. मे महिन्यात नागपुरात सावलीतच पारा पंचेचाळीसला टेकतो, काळं छत तर त्याहून कितीतरी जास्त तापतं. रस्त्याचं डांबर तिथे थांबेलच कसं? त्याच फोटोत फेल्टचे रोलही आहेत. मोजले : बावीस. पुढच्या दोघांवर आयएसआयचा शिक्का, बाकी कोरे. हल्ली बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये शिक्क्याखालचा लायसन्स नंबर टाकला की खरा-खोटा कळतो, तेवढंही मी केलं नव्हतं.

वकिलांकडे गेलो. ग्राहक आयोगात जाऊ म्हटलं तर त्यांनी समजावलं की २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेली सेवा बसत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला सूट आहे, पण नऊ माणसं पगारावर असलेल्या गोदामाला ती मिळेलच असं नाही. घराच्या गच्चीचं काम असतं तर गोष्ट वेगळी होती. दिवाणी दावा तीन वर्षांच्या आत लावता येतो, पण करार नाही, बिल नाही, रोखीची पावती नाही. नोटीस पाठवली, ती परत आली. लेटरहेडवरच्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान निघालं.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत दुसऱ्या माणसाकडून काम करून घेतलं. या वेळी आधी जुनं सगळं खरवडून काढलं. गेटवर मी स्वतः वही घेऊन बसलो. प्रत्येक पीप, प्रत्येक रोल, वरचं छापील सगळं लिहून त्याच्या माणसाची सही घेतली. पहिला फेल्ट पूर्ण झाल्याशिवाय दुसरा नाही, आणि दुसरा पाहिल्याशिवाय गिट्टी नाही, असं करारात लिहिलं. पैसे बँकेतून, बिल जीएसटीसकट. पाणी भरून अठ्ठेचाळीस तास ठेवलं, खाली सिलिंगवर जुन्या डागांभोवती खडूने गोल काढले. डाग गोलाबाहेर गेले नाहीत, तेव्हा शेवटचा हप्ता दिला. नव्या माणसाला या सगळ्याचा राग आला नाही. उलट म्हणाला, "असं मोजून घेणारे असले तर आम्हालाही दर कमी करून स्पर्धा करावी लागत नाही."

गेल्या महिन्यात कळमन्याच्या एका धान्यवाल्याचा फोन आला. त्यालाही पंचाहत्तर रुपयांत सिक्स कोर्सचं कोटेशन मिळालं होतं, दहा वर्षांची गॅरंटी होती आणि खाली तीच बारीक ओळ होती. नाव वेगळं, नंबर वेगळा. त्याने ॲडव्हान्स दिलेला नव्हता. कापून काढलेला तो फूटभर तुकडा मी टेबलाच्या खणात ठेवला आहे. तो धान्यवाला वाडीला येऊन तो हातात घेऊन, कडेचा एकच पापुद्रा मोजून गेला. आणखी कोणाला पाहायचा असेल तर दुकान सकाळी दहाला उघडतं.