सेकंडहँड क्रूझ घ्यावी का? सोलापुरात वापरून सांगतोय

शेवरले क्रूझ डिझेल, सेकंडहँड घेतलेली, अजून चालवतोय, म्हणून जे आहे ते सांगतो. २००९ ला आली तेव्हा २ लिटर डिझेल १५० पीएसचं (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) होतं, २०१२ ला नवं इंजिन आलं ते १६६ पीएसचं, माझी ही नंतरवाली. पुणे हायवेला मोहोळ सोडलं की टेंभुर्णीपर्यंत पाचव्या गिअरला नुसता पाय ठेवायचा, पुढचा ट्रक कधी मागं गेला कळत नाही. पण २००० आरपीएमच्या (इंजिनचे मिनिटाला फेरे) खाली गाडी झोपलेली असते आणि वर गेली की एकदम उसळते, त्यात सगळी ताकद पुढच्याच चाकांना त्यामुळं जोरात पिकअप घेतला तर स्टिअरिंग ओढ घेतं, नवख्या माणसाला सांगूनच चावी देतो मी. पुढचे टायर मागच्यांच्या आधी संपणार हे धरूनच चाला.

गावात मात्र वैताग. संध्याकाळच्या गर्दीत सात रस्ता ते नवी पेठ जाऊन बघा, क्लच इतका जड की डावी पिंडरी भरून येते. आणि आपल्याकडं स्पीडब्रेकर प्रत्येक गल्लीत आपापल्या मापाचे (कोण बांधतं देव जाणे), गाडी भरलेली असली की तिरकी काढावी लागते नाहीतर पोट घासलंच. एसी एक नंबर, मे महिन्यात सुद्धा. डॅशबोर्डला कापड लावलंय ते दिसायला भारी पण आपली धूळ त्यात जी बसते ती फडक्यानं निघत नाही, ब्रशच मारावा लागतो.

खरी गोम पार्टची. जीएमनं (जनरल मोटर्स, शेवरलेची मालक कंपनी) २०१७ च्या शेवटी भारतात विक्रीच बंद केली, ही जिथं बनायची त्या गुजरातच्या हलोल प्लांटातनं आता एमजीच्या गाड्या निघतात, आणि तिकडं अमेरिकेत पण २०१९ ला ओहायोच्या लॉर्डस्टाउनमधनं शेवटची क्रूझ निघाली, विषय संपला. फिल्टर, ब्रेक पॅड असलं मिळून जातं, पण हेडलाइट, बंपर म्हणलं की पुण्याला फोनाफोनी नाहीतर भंगारात शोधाशोध. एका ऑनलाइन दुकानदारानं लिंक रॉड म्हणून भलत्याच गाडीचा पाठवला होता, तेव्हापासनं जुना पार्ट खोलून त्याच्यावरच्या नंबरचा फोटो पाठवल्याशिवाय ऑर्डर देत नाही. आमचा फिटर म्हणतो, "गाडी हीच बे, पण घरात दुसरी एक असू दे." बरोबरच आहे त्याचं, एकच गाडी ठेवणार असाल तर ही घेऊ नका, नंतर मला शिव्या घालाल.

तरी घ्यायचीच असेल तर सकाळी जा, इंजिन गार असताना चालू करायला लावा, मालकानं आधीच तापवून ठेवली असेल तर तिथनंच परत फिरा. न्यूट्रलला उभी असताना खालनं खडखड येत असेल तर क्लचसोबत फ्लायव्हीलचा (क्लच ज्याला लागतो ते इंजिनचं जड चाक) पण खर्च धरा, तो छोटा नसतो. आणि टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल मागा, नसेल तर तेवढे पैसे किमतीतनं कापूनच बोला.