टॉर्टियाचे पाकीट की सकाळची पोळी? महिनाभराचा अनुभव

मुलांची रिक्षा पाच वाजता दारात थांबते आणि पावणेसहाला शिकवणी सुरू होते. लातुरात शिकवण्यांचे वेळापत्रक घरातल्या स्वयंपाकापेक्षा काटेकोर असल्यामुळे या मधल्या वेळेत पोट भरेल, पण वर्गात डुलकी येणार नाही, असे काहीतरी दहा-बारा मिनिटांत ताटलीत पडावे लागते. याच गरजेपोटी मी मैद्याच्या टॉर्टियांचे (पातळ मेक्सिकन पोळ्यांचे) पाकीट आणि सोबत मिळणारी ‘मेक्सिकन’ मसाल्याची पुडी महिनाभर वापरून पाहिली. पाकिटात आठ टॉर्टिया होत्या आणि पुडीसह खर्च दोनशे रुपयांच्या थोडा वर गेला.

टॉर्टियाच्या अर्ध्या भागावर चीज आणि सारण पसरून, ती दुमडून तव्यावर शेकली की केसादिया तयार होतो. स्पॅनिशमध्ये चीजला ‘केसो’ म्हणतात, त्यावरून हे नाव आले. (असे असूनही खुद्द मेक्सिको सिटीत केसादिया मागितला की चीज घालायचे का, असे विचारतात!) मैद्याच्या टॉर्टिया मुख्यतः उत्तर मेक्सिकोतल्या, मूळची टॉर्टिया मक्याची, आणि तोही चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटलेला. चुन्यामुळे त्या पिठाला चिकटपणा येतो. आपल्या साध्या मक्याच्या पिठाची भाकरी दुमडली की तुटते, ती हा चुना नसल्यामुळेच.

पाकिटातली टॉर्टिया दिसायला देखणी असली तरी फ्रिजमधून काढून तशीच दुमडल्यास घडीवर चिरते, म्हणून आधी दोन्ही बाजूंनी काही सेकंद तव्यावर गरम करून घ्यावी लागते. शेकल्यावर ती छान कुरकुरीत होते, हे मान्य करायला हवे. मात्र तिला स्वतःची चव जवळजवळ नाही आणि पाकीट उघडताना किंचित आंबूस वास येतो. मसाल्याच्या पुडीबद्दल माझे मत आणखी वाईट आहे. मागे छापलेल्या यादीत मीठ आणि साखर आधी येतात, मग लाल तिखट, जिरे, लसूण आणि ओरेगानो. म्हणजे एक ओरेगानो सोडल्यास सगळे आपल्या मिसळणाच्या डब्यात आधीच आहे.

खरी मेहनत चीजवर घ्यावी. प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये पायसीकारक (स्निग्धांश आणि पाणी एकजीव ठेवणारे) क्षार असल्याने ते तेल न सोडता एकसारखे वितळते, पण त्याची तार सुटत नाही. मोझरेलाची तार सुटते, पण गार झाल्यावर ते रबरासारखे लागते. मी दोन्ही निम्मे-निम्मे किसून घेते, एका केसादियाला साधारण २५ ग्रॅम. प्रक्रिया केलेले चीज खारट असते, त्यामुळे सारणात मीठ घालतच नाही. सारणासाठी रात्रीचा उरलेला राजमा पाणी आटवून, ठेचून घ्यावा आणि त्यात वाफवलेले मक्याचे दाणे व बारीक चिरलेली ढोबळी मिरची मिसळावी. राजमा, मका आणि मिरची तिन्ही मूळचे अमेरिका खंडातलेच, त्यामुळे हे सारण उपरे वाटण्याचे कारण नाही. आच मंद ठेवावी, नाहीतर बाहेरून डाग पडतात आणि आतले चीज तसेच राहते.

दुसऱ्या आठवड्यात टॉर्टियाऐवजी सकाळची पोळी घेतली आणि मुलांना फरक कळला तो एवढाच, की ‘आजचा जास्त मऊ आहे’. पोळी थोडे तूप सोडून शेकली तर कुरकुरीतपणाही येतो. ज्वारीची भाकरी मात्र दुमडताना मोडली. ज्वारीत गव्हासारखा ताण धरणारा चिकटपणा नसतो. त्याऐवजी पातळ धपाट्यावर चीज आणि सारण पसरून, झाकण ठेवून न दुमडताच दोन मिनिटे वाफ दिली, तो प्रकार उत्तम जमला. सासूबाईंनी एक तुकडा चाखला, वर शेंगदाण्याची चटणी भुरभुरली आणि ‘आता झालं धपाटं’ असा निकाल दिला.

वाढदिवसाला पाच-सहा मुले घरी येणार असतील आणि पोळ्या लाटायला सवड नसेल, तर टॉर्टियाचे पाकीट मी पुन्हा आणीन. रोजच्यासाठी नाही, कारण उघडलेले पाकीट लवकर संपवावे लागते. आमच्याकडे शेवटच्या दोन टॉर्टिया फ्रिजमध्ये असूनही बाराव्या दिवशी बुरशी धरून निघाल्या. मसाल्याची पुडी अजून अर्धी शिल्लक आहे. सध्या ती भाजलेल्या कणसांवर संपवत आहोत.