फर्नेसची देखभाल: घरच्या घरी, वर्षातून एक भेट की कॉन्ट्रॅक्ट?

घटस्थापना झाली की न्यू जर्सीत सकाळी स्वेटर निघतात आणि त्याच सुमाराला ओळखीतल्या कोणाचा तरी फोन येतो. नुकतंच घर घेतलेलं असतं, टपालात ‘फर्नेस ट्यून-अप फक्त ७९ डॉलर’चं कार्ड आलेलं असतं, आणि प्रश्न ठरलेला: “हे दर वर्षी खरंच करावं लागतं, की नुसता धंदा आहे?” भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये वर्षं काढलेल्या माणसाला हीट म्हणजे भिंतीवरचा थर्मोस्टॅट एवढंच माहीत असतं. ती फर्नेसमधून, म्हणजे हवा तापवून घरभर सोडणाऱ्या यंत्रातून येते, हे घरमालक झाल्यावर बेसमेंटमध्ये उतरलं की कळतं.

माझं उत्तर: करावं लागतं, आणि धंदाही आहे. त्यामुळे तीन पर्याय शेजारीशेजारी मांडून बघू. पहिला, फिल्टर वगैरे आपण बघायचं आणि बंद पडली तरच माणूस बोलवायचा. दुसरा, थंडीआधी दर वर्षी एकदा पैसे देऊन तपासणी. तिसरा, वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट, भारतात वॉटर प्युरिफायरचं एएमसी घेतात तसं. हे सगळं पाइपच्या गॅसवर चालणाऱ्या फर्नेसबद्दल. जुन्या घरात ऑइलची असेल तर वादच नको. तेलाची काजळी धरते, नोझल आणि ऑइल फिल्टर दर वर्षी बदलून घ्यायचे. तुम्ही पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

पहिला पर्याय मी चार वर्षं चालवला

आणि चारही वर्षं मला वाटत होतं की आपण शहाणे. पाचव्या हिवाळ्यात, जानेवारीतल्या एका पहाटे, थर्मोस्टॅटवर ५८ दिसलं. बाहेर पारा फॅरनहाइटच्या विशीत. टॉर्च घेऊन खाली गेलो आणि फर्नेससमोर उकिडवा बसलो. आधी छोट्या पंख्याची घरघर (हा इंड्यूसर, जळलेला वायू बाहेर ढकलणारा), मग इग्नायटर लालभडक, मग गॅस व्हॉल्व्हचा ‘टक’ आणि निळ्या ज्वाळा फुस्सकन पेटल्या. चार-पाच सेकंदांत विझल्या. पुन्हा घरघर, पुन्हा टक, पुन्हा अंधार. असं काही वेळा करून फर्नेसने संप पुकारला आणि तिच्या आतल्या कंट्रोल बोर्डावरचा दिवा उघडझाप करू लागला. त्या उघडझापी मोजून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या तक्त्यात बिघाड शोधायचा असतो. मी तीनदा मोजल्या, तिन्ही वेळा वेगळ्या भरल्या.

टेक्निशियन दुपारी आला. त्याने एक स्क्रू काढून स्वेटर विणायच्या सुईसारखी एक काडी बाहेर काढली, बारीक घासणीने दोन मिनिटं घासली, परत बसवली. फर्नेस चालू. बिल २४० डॉलर, त्यातले बरेचसे ‘आजच्या आज’ येण्याचे.

ती काडी म्हणजे फ्लेम सेन्सर. ज्वाळेतून अगदी सूक्ष्म वीज वाहते, मायक्रोअँपमध्ये मोजण्याइतकी. ती मिळाली तरच बोर्ड मानतो की गॅस खरोखर पेटलाय. काडीवर हळूहळू थर बसतो, वीज घटत जाते आणि एक दिवस बोर्डाला वाटतं, ज्वाळा नाहीच. तो गॅस बंद करतो. म्हणजे फर्नेसचं काही चुकलेलं नव्हतं, ती मला वाचवत होती. पण हा थर जुलैत त्रास देत नाही. फर्नेस सगळ्यात जास्त राबते त्याच दिवसांत दगा देते, आणि त्या दिवशी गावातल्या प्रत्येक टेक्निशियनचा फोन बिझी असतो.

तरी पहिल्या पर्यायातलं निम्मं काम सोडायचं नाही, बाकीचे दोन्ही घेतले तरीही. फिल्टर एक इंची असेल तर एक ते तीन महिन्यांत बदला. त्यावरचा बाण फर्नेसच्या दिशेने हवा. आपल्या घरांत फोडणी, तळण, उदबत्ती यांचा धूर बाहेर न जाता किचनमध्येच फिरत असेल, तर तीन महिन्यांची वाट बघू नका. फिल्टर उजेडासमोर धरा, पलीकडचं दिसत नसेल तर झालं त्याचं. आणि सगळ्यात महागडा, दाट फिल्टर म्हणजे सगळ्यात चांगला, असं नाही. पातळ एक इंची खोक्यात मर्व्ह १३ (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक गाळतो त्याचा आकडा) कोंबलात तर हवा अडते, फर्नेस आतून तापते आणि सुरक्षेची लिमिट स्विच तिला मध्येच बंद पाडते. बाजूच्या भिंतीतून फर्नेसचे पांढरे प्लॅस्टिकचे पाइप बाहेर येत असतील, तर बर्फ पडल्यावर ते मोकळे करायचे. आणि बेसमेंटमध्ये ब्लीच, रंगाचे डबे फर्नेसशेजारी ठेवायचे नाहीत. त्यांची वाफ ज्वाळेत गेली की आतला धातू गंजतो. गणपतीच्या मखराचं थर्माकोल फर्नेसला टेकवून ठेवलेलंही मी पाहिलंय. घर माझंच होतं.

दुसरा पर्याय: पैसे सफाईचे नाहीत, मोजमापाचे

वर्षातून एकदाच्या भेटीला आमच्या भागात साधारण १२० ते २०० डॉलर पडतात. एवढ्यात मिळतं काय, यावरच सगळा निवाडा आहे, कारण ‘ट्यून-अप’ या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एकात माणूस वीस मिनिटांत व्हॅक्यूम फिरवतो, तुम्ही विकत आणलेला फिल्टर बदलतो आणि ‘ऑल गुड’ म्हणून जातो. त्यातलं तुम्हाला न जमणारं काही नव्हतं.

दुसऱ्यात माणूस मीटर काढतो. गॅसचा दाब तपासतो (नैसर्गिक गॅसवर बर्नरकडे जाणारा दाब बहुधा पाण्याच्या ३.५ इंचांच्या आसपास लावलेला असतो). आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा यांच्या तापमानातला फरक मोजून प्लेटवर छापलेल्या मर्यादेशी ताडतो. फ्लेम सेन्सरचे मायक्रोअँप लिहितो. धुराड्यातल्या वायूत नळी घालून कार्बन मोनॉक्साइड किती, ते बघतो. ९० टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेची फर्नेस असेल तर तिच्यातून पाणी ठिबकतं, त्याचा ट्रॅप धुतो. आणि हीट एक्स्चेंजर, म्हणजे ज्याच्या आतून ज्वाळेचा विषारी वायू आणि बाहेरून तुमच्या घरात येणारी हवा जाते ती धातूची भिंत, नीट न्याहाळतो.

या शेवटच्या गोष्टीसाठी मी पैसे मोजतो. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. गॅस गळतीला निदान कुजक्या अंड्याचा वास तरी मुद्दाम घातलेला असतो. अमेरिकेत आगीशी संबंध नसलेल्या कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेने दर वर्षी चारशेहून अधिक माणसं दगावतात, असं सीडीसी ही तिथली सरकारी आरोग्यसंस्था सांगते. त्यात जनरेटर, गाड्या, सगळंच आलं, पण बिघडलेली फर्नेसही आली. तपासणी करून घेतली म्हणून अलार्म नको, असंही नाही. झोपायच्या खोल्यांजवळ आणि प्रत्येक मजल्यावर तो हवाच, आणि त्याच्या पाठीवरची तारीख बघा. अलार्मचंही आयुष्य संपतं.

आता उलटी बाजू. हीच भीती विकलीही जाते. आमच्याकडे एकदा आलेला एक तरुण टेक्निशियन दहाव्या मिनिटाला गंभीर चेहरा करून म्हणाला की हीट एक्स्चेंजरला तडा गेलाय, आजच नवी फर्नेस बुक करा, सवलत आजच्यापुरती. मी म्हटलं, कॅमेऱ्यात दाखव. त्याच्याकडे कॅमेरा नव्हता. दुसऱ्या कंपनीचा माणूस बोलावला, त्याने आत दुर्बीण घालून फोनवर चित्र दाखवलं. पत्र्याचा सांधा होता तो, तडा नव्हता. ती फर्नेस अजून चालू आहे. तडा खरा असू शकतो, तसा असेल तर फर्नेस चालवायचीच नाही, पण फोटो आणि दुसरं मत घेतल्याशिवाय हजारोंचा चेक फाडायचा नाही.

म्हणून फोनवर बुकिंग करतानाच एक प्रश्न विचारा: “आकडे लिहून देणार का?” समोरचा गडबडला तर पुढचा नंबर लावा. ७९ डॉलरचं कार्ड मी याच कसोटीवर बाजूला ठेवतो.

तिसरा पर्याय

कॉन्ट्रॅक्टमध्ये सहसा वसंतात एसीची आणि थंडीआधी फर्नेसची अशा दोन भेटी, दुरुस्तीवर थोडी सूट आणि बिघाड झाला तर रांगेत पुढचा नंबर मिळतो. कडाक्याच्या थंडीत हा पुढचा नंबरच खरा माल. पण गॅस कंपन्यांच्या किंवा होम वॉरंटीच्या दुरुस्ती योजना हा प्रकार निराळा. तो विम्यासारखा असतो, काही योजनांत वार्षिक तपासणी नसतेच, आणि हीट एक्स्चेंजर अनेकदा वगळलेला असतो. शिवाय आपोआप नूतनीकरण. सही करण्याआधी वगळलेल्या भागांची यादी वाचा, जाहिरात नंतर वाचली तरी चालेल.

मग हिशेब काय सांगतो?

जाहिराती म्हणतात, बिल भरघोस उतरेल. स्वच्छ जळणाऱ्या गॅस फर्नेसमध्ये माझा तसा अनुभव नाही. बिलावर खरा फरक पडला तो फिल्टर वेळेवर बदलल्याने आणि डक्टचे, म्हणजे गरम हवा खोल्यांत नेणाऱ्या नळांचे, सांधे टेपने बंद केल्याने. फर्नेस १५-२० वर्षं चालते. दर वर्षी १५० धरले तर १५ वर्षांत २,२५० डॉलर झाले. तेवढ्यात एक-दोन मोठ्या दुरुस्त्या निघतात. नुसत्या पैशांत बघितलं तर सामना जेमतेम बरोबरीत सुटतो. फरक पडतो तो फर्नेस कधी बंद पडते याचा: ऑक्टोबरच्या शनिवारी, तुम्ही घरी असताना, की जानेवारीच्या रात्री.

एक गोष्ट मात्र रोख पैशांची आहे, ती म्हणजे वॉरंटी. फर्नेस नवी असेल तर बसवल्यापासून ठरावीक दिवसांत (बहुधा ६० किंवा ९०) कंपनीच्या साइटवर नोंद करा. अनेक कंपन्या त्यावरच सुट्या भागांची वॉरंटी ५ वर्षांवरून १० वर्षं करतात. आणि देखभालीअभावी झालेला बिघाड त्या नाकारू शकतात, म्हणून तपासणीची बिलं जपून ठेवा.

तर मी काय सुचवीन? फर्नेस आठ-दहा वर्षांच्या आतली आणि तुम्ही हिवाळाभर घरीच: दुसरा पर्याय, आणि फिल्टर आपला आपण. अगदी पहिलं-दुसरं वर्ष असेल आणि हात आखडता असेल तर एखादी भेट चुकली म्हणून आभाळ कोसळत नाही. फर्नेस बारा-पंधरा वर्षांची, घरात तान्हं बाळ किंवा भारतातून आलेले आईवडील: कॉन्ट्रॅक्ट घ्या, पण मोजमाप करणाऱ्या स्थानिक माणसाचं.

आणि डिसेंबरात तीन आठवडे पुण्याला जाणार असाल, तर तपासणी चुकवायची नाही, मग फर्नेस कितीही नवी असो. रिकाम्या घरात ती बंद पडली तर पाणी गोठून पाइप फुटतात, आणि घर उबदार ठेवायची किंवा पाणी बंद करून पाइप रिकामे करायची वाजवी काळजी घेतली नसेल तर इन्शुरन्स अशा नुकसानाला सहसा हात वर करतो. थर्मोस्टॅट ५५च्या खाली नेऊ नका, पाण्याचा मेन व्हॉल्व्ह बंद करा, सगळे नळ उघडून पाइप रिकामे होऊ द्या, आणि शेजारणीकडे किल्ली देताना सांगा की दोन दिवसांआड आत येऊन हात लावून बघ, व्हेंटमधून गरम हवा येतेय ना.