लाल वीट, एएसी ब्लॉक, फ्लाय ॲश की चिरा? घराच्या भिंतीला काय घ्यायचं

बांधकाम काढलं की भिंतीला काय वापरायचं यावर प्रत्येकाचं वेगळं मत असतं, सासरे म्हणतात लाल वीटच, इंजिनिअर म्हणतो एएसी ब्लॉक (आत हवेचे बारीक बुडबुडे असलेल्या हलक्या काँक्रीटचा ठोकळा), आणि गवंडी त्याच्या हाताला सवय असेल ते सांगतो. मी वाईजवळ खाली-वर असं दोन मजली घर बांधलं, खाली लाल वीट आणि वर एएसी, म्हणजे दोन्ही एकाच घरात बघितलंय म्हणून लिहितोय.

आधी एक ठरवा, भिंत भार घेणार आहे की नुसती कॉलम-बीमच्या मधली जागा भरणार आहे. आरसीसीचा (लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटचा) सांगाडा असेल तर स्लॅबचा भार कॉलम घेतात, मग भिंत जितकी हलकी तितकं बरं. पण लोडबेअरिंग घर असेल, म्हणजे स्लॅब थेट भिंतीवर बसणार असेल, तर मी तरी एएसीच्या वाटेला जाणार नाही, पक्की भाजलेली वीट, सॉलिड सिमेंट ब्लॉक किंवा कोकणात असाल तर चिरा (जांभ्या दगडाचा ठोकळा), आणि त्यातही लिंटेलला (दारं-खिडक्यांच्या वर) आणि छताखाली आरसीसीचा पट्टा सगळ्या भिंतींवरून सलग फिरवायचाच. 1993 ला किल्लारीत मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती माणसांच्या अंगावर आल्या, वजन प्रचंड आणि भिंती एकमेकींना बांधलेल्या नाहीत. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत ही समजूत अजून आपल्याकडे आहे, ती कृपा करून सोडा.

लाल वीट. हिचं सगळ्यात मोठं भांडवल म्हणजे कुठल्याही गवंड्याला ती लावता येते, खिळा ठोका, शेल्फ लावा, काही अडत नाही. तोटा असा की भट्टी बदलली की माप आणि भाजणी बदलते. दोन विटा एकमेकींवर आपटल्या तर खणखणीत आवाज आला पाहिजे, कमरेच्या उंचीवरून मातीत टाकली तर फुटायला नको, आणि एक कोरडी वीट वजन करून 24 तास पाण्यात ठेवा, 3 किलोची वीट 600 ग्रॅमपेक्षा जास्त पाणी प्यायली (म्हणजे 20 टक्क्यांच्या वर) तर ती गाडी परत पाठवा. लावायच्या आधी वीट भिजवायचीच, कोरडी लावली की ती मालातलं (सांध्यातल्या सिमेंट-वाळूतलं) पाणी ओढून घेते आणि सांधा कच्चा राहतो.

एएसी ब्लॉक. 600 बाय 200 बाय 150 मिलीमीटरचा एक ब्लॉक सांध्यांसकट साधारण नऊ स्टँडर्ड विटांची जागा भरतो, आणि नऊ विटा 25 किलोच्या पुढे जातात तिथे हा 11 ते 13 किलोत भागतो. भिंत भराभर वर जाते, आणि बाहेरून नऊ इंचीऐवजी सहा इंची लावली तर खोलीत प्रत्येक बाहेरच्या भिंतीमागे तीन इंच मिळतात. उन्हाचा फरक पण जाणवतो, पण खरं सांगायचं तर वरच्या मजल्यावर उष्णता मुख्य स्लॅबमधून येते, भिंत कितीही चांगली असली तरी गच्चीचं काहीतरी करावंच लागतं.

आता आमचं काय चुकलं ते. आमच्या गवंड्यानं जन्मभर वीट लावलेली, त्यानं ब्लॉकही विटेसारखे पाण्यात बुडवून काढले आणि अर्धा-पाऊण इंच साध्या मालात बसवले, मी रोज साइटवर जायचो पण मलाच माहीत नव्हतं. पहिल्याच उन्हाळ्यात बीमखाली सरळ रेषेत भेग आली, ब्लॉकमधलं पाणी सुकताना भिंत आकसली. एएसी नुसता वरून ओला करायचा, ब्लॉक ॲडेसिव्हचा 2-3 मिलीमीटरचा सांधा ठेवायचा, बीमला भिडवून लगेच गच्च भरायचा नाही, आणि प्लास्टरच्या आधी काँक्रीट आणि ब्लॉक जिथे भेटतात तिथे जाळी मारायची. वायरिंगच्या खाचा कटरनेच, छिन्नी-हातोडा अजिबात नको. गिझर किंवा किचनची कपाटं टांगायची असतील तर त्यासाठीचे वेगळे फास्टनर लागतात.

फ्लाय ॲशच्या विटेबद्दल थोडक्यात. औष्णिक केंद्राची राख वापरतात, भट्टी लागत नाही, कोपरे सरळ म्हणून प्लास्टर कमी लागतं, चंद्रपूर, कोराडी, परळी, भुसावळ या बाजूला असाल तर आधी हीच बघा. मात्र कारखान्यात पाणी नीट मारलेलं नसेल तर कोपरा बोटानं भुगा होतो, त्यामुळे माल कधी पाडलाय ते विचारून घ्या, ताजा नको. सिमेंटचा सॉलिड ब्लॉक मजबूत पण वजनाला भारी आणि उन्हात तापतो, कंपाउंड आणि जोत्याला उत्तम, राहत्या खोलीला मला नाही पटत.

चिऱ्याची गोष्टच वेगळी. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोव्यात जांभ्याची खाण जवळ असेल तर घाटावरची वीट कशाला आणायची! खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, उघड्यावर राहिला की कडक होतो, आणि सांध्यांच्या फटी (दर्जा) नीट भरल्या तर बाहेरून प्लास्टर न करताही चालतो. फक्त पिवळट मातीच्या गाठी असलेला चिरा बाजूला काढा, पावसात त्या धुपतात. घाटावर मात्र चिरा नेऊ नका, भाड्यातच पैसे जातात.

रेटची तुलना नगावर करू नका, एक ब्रास (100 चौरस फूट) तयार भिंतीला माल, सिमेंट किंवा ॲडेसिव्ह, मजुरी आणि दोन्हीकडचं प्लास्टर धरून किती पडतं ते गवंड्याकडून लिहून घ्या, बऱ्याचदा महाग वाटणारा ब्लॉक तिथे बरोबरीत येतो. आणि लाल वीटच ठरली तर मे संपायच्या आत पूर्ण घराची विकत घेऊन ताडपत्रीखाली रचून ठेवा, पावसाळ्यात भट्ट्या बंद असतात आणि मग उरलासुरला माल मिळेल त्या भावानं घ्यावा लागतो.