फोंताईन्हासमध्ये पाहुण्यांना जेवायला कुठे न्यायचं? व्हिवा पणजिम, व्हेनिते की व्हरांडा

पणजीत पाहुणे आले की फोंताईन्हास या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीची एक फेरी ठरलेलीच. इथली मेनूकार्डं शेजारी-शेजारी ठेवली तर बरीचशी सारखी निघतात: शागुती (भाजलेल्या खोबऱ्याचा रस्सा), काफ्रियाल (हिरव्या मसाल्यातलं चिकन), आंबोटीक (आंबट-तिखट कालवण), बालचाव (लोणच्यासारखी मसालेदार कोळंबी), शेवटी बेबिंक हा थरांचा गोड पदार्थ. म्हणून पदार्थ बघून ठरवण्यापेक्षा सोबत कोण आहे आणि बसायचं कुठे, हे आधी बघा.

घरातली वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर व्हिवा पणजिम. ‘31 जानेवारी’ नावाच्या रस्त्यालगतच्या गल्लीतलं हे जुनं घर. दाराबाहेर गल्लीतही टेबलं असतात आणि जिना चढावा लागत नाही. व्हेनिते त्याच रस्त्यावर, पण वरच्या मजल्यावर. लाकडी जिना अरुंद, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करूनच चढावा. तिथे जायचं ते रस्त्यावर झुकलेल्या बाल्कनीसाठी, आणि बाल्कनीतली टेबलं मोजकी, जेमतेम दोघांपुरती. सहाजण गेलात तर आत बसावं लागेल; मग व्हेनितेला जाण्यात तसं काही उरत नाही. पणजिम इन या हॉटेलातलं व्हरांडा या दोन्हींपेक्षा निवांत. एकोणिसाव्या शतकातली वास्तू, खाली रस्ता, घाई नाही. फार दिवसांनी भेटलेल्या माणसांना तिथे न्या.

आसपासच्या नव्या बिस्त्रोंमध्ये एकामागून एक लहान ताटल्या येतात. नवराबायकोला ठीक आहे; लहान मुलं असतील तर तिसऱ्या ताटलीपासून चुळबुळ सुरू होते.

आता स्वयंपाकाकडे. जागा सुंदर असली तरी कच्चं स्वयंपाकघर दोन पदार्थांत पकडता येतं. पहिला सोरपोतेल. डुकराचं मांस आणि काळीज उकडून, बारीक चिरून, परतून मग मसाला आणि व्हिनेगरमध्ये शिजवतात. पहिल्या दिवशी आंबटपणा वेगळा लागतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो मांसात मुरतो. तेव्हा ‘आज केलंय की आधीचं?’ असं बिनधास्त विचारा. इथे ‘परवाचं’ हे उत्तर चांगलं. व्हिनेगर माडाच्या सुरेचं असेल तर आंबटाला किंचित गोडसर झाक असते. बाटलीतलं कृत्रिम असेल तर घास तोंडाशी येण्याआधीच वास नाकात शिरतो.

दुसरा पदार्थ शागुती. तिचा सगळा खेळ खोबरं भाजण्यात आहे. कमी भाजलं तर रस्सा फिका आणि गोडूस लागतो, करपलं तर मागाहून कडवट चव येते आणि ती काही केल्या लपत नाही. साधा पाव नको, पोई, म्हणजे कोंड्याचा गोवन पाव मागा. कोंड्यामुळे ती रस्सा धरते.

पथ्यपाणी असलेल्यांसाठी महत्त्वाचं: क्रोकेट या तळलेल्या खिम्याच्या रोलमध्ये बहुधा गोमांस असतं. काल्दो व्हेर्दी हे पालेभाजीचं सूप दिसलं तरी त्यात शोरीसचे, म्हणजे पोर्क सॉसेजचे काप पडतात, फेजोआदा या राजम्याच्या उसळीतही तेच. ऑर्डर देतानाच सांगा, ताट आल्यावर नव्हे. शुद्ध शाकाहारी पाहुण्यांना या गल्लीत आणणं तसं जुलमाचंच. अळंबीची शागुती असेल तर ठीक, नाहीतर पनीरवर भागवावं लागतं.

1 जून ते 31 जुलै या 61 दिवसांत यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. त्या काळात इसवणाचा, म्हणजे सुरमईचा तुकडा दिसला तर तो बर्फातला किंवा बाहेरून आलेला समजा. खाडीतला चोणक मासा मिळाला तर घ्या, नाहीतर सरळ चिकन काफ्रियाल मागवा. हिरव्या मसाल्याला पाऊस-बंदी काही लागत नाही. उर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची हलकी दारू हवी असेल तर ती काजूच्या हंगामातच, मार्च ते मे. फेणी वर्षभर मिळते, पण तिच्यात मद्यार्काचं प्रमाण साधारण 42 टक्के, तेव्हा दुसऱ्या पेगाआधी पोटात काही जाऊ द्या.

वेळेचं भान ठेवा. दुपारी तीनच्या सुमारास बरीच स्वयंपाकघरं बंद होतात आणि संध्याकाळी सातच्या आसपास उघडतात. चारला पोचलात तर कॉफीवर समाधान. गाडी गल्लीत घालू नका, वळवता येत नाही. ओरें खाडीलगतच्या रस्त्यावर लावा आणि पाच मिनिटं चाला. बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो ऐच्छिक आहे, काढायला सांगता येतो.

बेबिंक मागवताना कोमट करून द्या म्हणावं. फ्रिजमधून थेट आलं तर तूप गोठून थर चामट लागतात.