तृतीय-पक्ष विमा आणि सर्वसमावेशक विमा

मोटारीच्या विम्याबद्दल बोलताना ‘फुल कव्हर’ हा शब्द सर्रास वापरला जातो. पॉलिसीच्या मजकुरात मात्र त्याची व्याख्या सहसा आढळत नाही, आणि ग्राहकाच्या बहुतेक गैरसमजांचे मूळ माझ्या मते इथेच आहे.

तृतीय-पक्ष विम्याचे स्वरूप सरळ आहे. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली किंवा त्याच्या मालमत्तेची हानी झाली, तर त्या भरपाईची जबाबदारी तो पेलतो. आपल्या गाडीच्या दुरुस्तीसाठी त्यातून काहीही मिळत नाही.

लोक ज्याला ‘फुल कव्हर’ म्हणतात, त्या सर्वसमावेशक विम्यात ही जबाबदारी असतेच, शिवाय अपघात, चोरी, आग किंवा पूर यांमुळे स्वतःच्या गाडीचे झालेले नुकसानही धरलेले असते. तरीही तो सर्व काही भरून देत नाही. नेहमीची झीज, यांत्रिक बिघाड आणि मद्यपान करून चालवताना झालेला अपघात सामान्यतः वगळलेले असतात, आणि प्रत्येक दाव्यातील ठरावीक वाटा मालकालाच सोसावा लागतो. गाडी चोरीला गेल्यास किंवा पूर्ण निकामी झाल्यास बहुधा खरेदीची किंमत नव्हे, तर घसारा, म्हणजे गाडीच्या वयानुसार घटलेली किंमत, वजा जाता उरलेले मूल्य मिळते. त्यामुळे कर्जाची बाकी त्याहून अधिक असल्यास फरकाचे हप्ते गाडी नसतानाही फेडावे लागतात, ही गोष्ट खरेदीच्या वेळी क्वचितच समजावून सांगितली जाते.

नव्या किंवा कर्जावरील गाडीसाठी मी सर्वसमावेशक विमाच निवडेन. गाडी जुनी असेल, तर तिच्या आजच्या मूल्यातून स्वतःचा वाटा वजा करून उरणारी रक्कम दोन्ही विम्यांच्या हप्त्यांमधील फरकाशी ताडून पाहावी.