जिरा प्रॉडक्ट डिस्कव्हरी: कुठलं काम आधी, हे ठरवायला बरं पडतंय का?

आमची टीम बारकी, कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. कामांची यादी मारुतीच्या शेपटासारखी, आणि जो क्लायंट फोनवर जास्त ओरडेल त्याचं काम वर असा कारभार. म्हणून अॅटलासियन कंपनीचं हे जिरा प्रॉडक्ट डिस्कव्हरी अॅप घेतलं. हातात घेतलेल्या कामांची टिकिटं सांभाळणारं नेहमीचं जिरा वेगळं हां, हे त्याच्या आधीचं, म्हणजे मुळात कुठलं काम हातात घ्यायचं ते ठरवायला.

प्रत्येक कामाला फायदा किती आणि मेहनत किती असे १ ते ५ आकडे दिले, भागाकार करून यादी लावली, आणि तिथंच घोळ. बटणाचा रंग बदलणं, फायदा २ मेहनत १, स्कोर २. कास्टिंगच्या हीट नंबरवरून (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचा नंबर) त्या हीटचा स्पेक्ट्रो रिपोर्ट, म्हणजे धातूत काय किती आहे ते, आणि टेस्ट सर्टिफिकेट एका क्लिकवर काढणं, ज्यासाठी क्लायंट रोज डोकं खातोय, फायदा ५ मेहनत ५, स्कोर फक्त १! भागाकारात मोठं काम कायम मागं पडतं राव.

म्हणून यातला मॅट्रिक्स व्ह्यू मला लई आवडला. एका बाजूला मेहनत, दुसऱ्या बाजूला फायदा, सगळी कामं ठिपक्यासारखी पसरलेली. चलान व्हॉट्सअॅपवर पाठवायचं काम थोड्या मेहनतीचं न् जास्त फायद्याचं, ते लगेच उचललं, आणि हीट नंबरवालं दुसऱ्या कोपऱ्यात ठळक दिसतंय, मग ते तुकडे करून घ्यायचं की नाही यावर बोलणं होतं. भारी फायद्याचं जड काम आणि बिनफायद्याचं जड काम एकाच ढिगात जात नाही, एवढ्यासाठी पण हा व्ह्यू उघडावा.

राईस (RICE) फॉर्म्युलाही बसवता येतो, इंटरकॉम या सॉफ्टवेअर कंपनीवाल्यांनी काढलेला: किती जणांना उपयोग, परिणाम आणि खात्री यांचा गुणाकार, भागिले मेहनत. आमच्याकडं क्लायंटच मूठभर, त्यामुळं पहिल्या आकड्याला फारसा अर्थ नाही, पण खात्रीचा आकडा मात्र ठेवला. साहेबांच्या 'मला वाटतंय' ला तिथं आपोआप कमी मार्क पडतात.

आकडे कोण भरणार हे मात्र अॅप सांगत नाही. आमच्याकडं फायदा सपोर्टवाले सांगतात कारण फोन तेच घेतात, मेहनत डेव्हलपर आणि टेस्टर दोघं मिळून. डेव्हलपर २ म्हणतो, टेस्टर ४, आणि त्या दोनच्या फरकात काय काय लपलंय ते बाहेर येतं (बहुतेक वेळा जुना डेटा).

पैशाचं म्हणाल तर तीन क्रिएटरपर्यंत (म्हणजे यादी लावणारे, बदलणारे) फुकट, मत आणि कमेंट देणारे त्यात मोजत नाहीत, त्यामुळं सपोर्टची पोरं सगळी आत. पण शिकायला वेळ जातो, सेटिंग भरपूर. वीस-पंचवीसच कामं असतील तर उगा नादी लागू नका, गुगल शीटमध्ये दोन कॉलम काढून स्कॅटर चार्ट लावा, भागतंय. माझ्याकडून ५ पैकी ४.